बर्फातला कुत्रा आणि हिमदंश

मागच्या डिसेंबरात पहिला बर्फ पडला त्या दिवशी सातवीतल्या एका कॅडेटने मला विचारले, "उस्ताद, कुत्र्याला कसली थंडी? त्याच्या तर अंगातच स्वेटर आहे." प्रश्न चांगला होता. परेडच्या मैदानावर उभ्या उभ्या त्याचे उत्तर पुरे होणारे नव्हते, म्हणून यंदा मराठी विभागासाठी लिहायला सांगितले तेव्हा हाच विषय घेतला. शाळेत येण्यापूर्वी मी रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे आरव्हीसीत, बावीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी कुत्र्यांबरोबर आणि पाच हिवाळे लडाखमध्ये. मी डॉक्टर नाही. डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली जे शिकलो आणि डोळ्यांनी पाहिले, ते सांगतो.

स्वेटरची गोष्ट अर्धी खरी आहे. आपल्या डोंगरातला भोटिया किंवा गद्दी कुत्रा हाताने उलटसुलट कुरवाळून पाहा. वर लांब, राठ केस आणि त्यांच्या मुळाशी दाट मऊ लव. ही लव आपल्यात हवा कोंडून धरते, आणि खरी ऊब त्या कोंडलेल्या हवेची असते. लॅब्रडॉर आणि जर्मन शेफर्ड यांनाही असेच दुहेरी आवरण असते. पण लव भिजली की तिच्यातली हवा निघून जाते आणि मग तो स्वेटर अंगावर असून नसल्यासारखा. शिवाय हा स्वेटर सगळ्यांना मिळालेला नाही. मुधोळ हाउंड किंवा मराठवाड्यातला आपला कारवान पाहिला असेल तर आठवा : पातळ कातडी, आखूड केस, अंगावर चरबी नाही. दख्खनच्या उन्हात सशामागे धावण्यासाठी घडलेले ते शरीर आहे. त्याला इथल्या जानेवारीत रात्रभर बाहेर बांधणे म्हणजे पोराला बनियनवर गस्तीला पाठवणे. लव वाढायलाही काही आठवडे लागतात. सपाट प्रदेशातून थेट डोंगरात आणलेला कुत्रा, किंवा घरात हीटरशेजारी झोपणारा कुत्रा, जातीने कितीही केसाळ असला तरी त्याची तयारी झालेली नसते. पिल्ले, म्हातारी आणि आजारी कुत्री यांचेही तेच.

आता केस असलेल्या भागाला सोडून थंडी नेमकी कुठे मारते ते पाहू. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, आपल्यापेक्षा थोडे जास्त. बाहेर कडाका वाढला की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आत, हृदय, फुप्फुसे आणि मेंदूकडे राखले जाते. गडाला वेढा पडला आणि शिबंदी कमी असली की किल्लेदार माची सोडतो आणि बालेकिल्ला धरून बसतो, तसेच हे. कानांची टोके, शेपटीचे टोक, पायाची बोटे, नराचे अंडकोष आणि कुत्रीचे सड या शरीराच्या माच्या. तिथले रक्त कमी झाले की तापमान झपाट्याने उतरते आणि शून्याच्या जरा खाली गेले की मांसातले पाणी गोठू लागते. बर्फाचे कण पेशी फोडतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. यालाच हिमदंश, किंवा आपल्या बोलण्यात फ्रॉस्टबाइट, म्हणतात.

पंजाची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. कुत्रा अनवाणी बर्फावर उभा राहतो, तरी त्याच्या पंजाखालच्या गाद्या सहसा गोठत नाहीत. गादीत गरम रक्त नेणाऱ्या धमनीला थंड रक्त परत आणणाऱ्या शिरांचे जाळे अगदी बिलगून असते. जाणारे रक्त आपली ऊब येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. म्हणून पंजा गार राहतो, पण गोठत नाही, आणि गार रक्त शरीरात शिरून आतला भागही थंड करत नाही. पाळीव कुत्र्याच्या पंजातली ही रचना जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिली. त्याआधी १९७२ मध्ये आर्क्टिक प्रदेशातला कोल्हा आणि लांडगा यांचे पंजे उणे ३५ अंशांच्या द्रवात बुडवून पाहिले होते. गाद्यांचे तापमान मांस गोठण्याच्या बिंदूच्या किंचित वर टिकून राहिले होते. भौतिकशास्त्राच्या वर्गात उष्णतेची देवाणघेवाण शिकताना कंटाळा आला तर दारात बसलेल्या कुत्र्याचा पाय आठवावा.

पण गादी वाचली म्हणजे पाय वाचला असे नाही. बोटांच्या मधल्या केसांत बर्फ अडकतो, अंगाच्या उबेने वितळतो, पुन्हा गोठतो आणि त्याच्या कडक गोळ्या होतात. त्या बोटे फाकवतात, कातडी कापतात आणि ओलावा धरून ठेवतात. बोटांमधले केस कात्रीने गादीच्या पातळीला आणावेत, निघण्यापूर्वी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा आणि दर थांब्यावर बोटे फाकवून पाहावीत. बूट घालायचे तर सैलसर. घट्ट बांधलेला बूट रक्त अडवतो, म्हणजे जे टाळायचे तेच घडवतो. अलास्कातल्या इडिटारोड या स्लेजच्या शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बरोबर ठेवण्याचा नियम आहे. चार पायांत आणि चार राखीव. ओला बूट लगेच बदलता आला पाहिजे.

थर्मामीटरवरचा आकडा एकटा फसवतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर माणसाच्या उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे २० इतकी लागते. कुत्र्यासाठी हे गणित तंतोतंत तसेच नाही, पण वारा केसांत शिरून कोंडलेली हवा उडवतो हे त्यालाही लागू आहे. त्यात ओलावा आला तर आकडा सौम्य असला तरी धोका असतो. कोरड्या उणे १५ मध्ये खुशीत धावणारा लॅब्रडॉर मी पाहिला आहे, आणि उणे ५ मध्ये नाल्यात भिजून थरथरणाराही.

चित्रपटामुळे तुम्हाला बाल्टोचे नाव माहीत असेल. जानेवारी १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध न्यायला स्लेजशिवाय मार्ग नव्हता. वीस चालक आणि सुमारे १५० कुत्री यांनी टप्प्याटप्प्याने १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापले. शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. मला मात्र त्या धावण्यातला मधला एक टप्पा अधिक शिकवून जातो. चार्ली इव्हान्स नावाचा चालक उणे ५२ अंशांत निघाला. त्याच्या पुढच्या दोन कुत्र्यांच्या जांघेत केस विरळ होते. अशा कुत्र्यांच्या जांघेला तिथे सशाचे कातडे बांधत. त्या दिवशी ते बांधायचे राहिले. वाटेत दोघांनाही जांघेत हिमदंश झाला आणि ते कोसळले. इव्हान्सने त्यांना स्लेजवर घेतले आणि त्यांच्या जागी स्वतः जुंपला. औषध पुढच्या चालकाच्या हाती वेळेवर गेले. दोन्ही कुत्री मेली. इतक्या मोठ्या मोहिमेत दोन जीव गेले ते सशाच्या कातड्याच्या दोन तुकड्यांअभावी. त्यांना कुणी पुतळा उभारला नाही.

यातली खरी अडचण अशी की कुत्रा सांगत नाही. बोट बधिर झाले की तुम्ही शेजाऱ्याला सांगता. कुत्र्याचा कान बधिर झाला की त्याचे दुखणे थांबते, आणि तो पूर्वीसारखाच पुढे चालतो. प्रशिक्षित कुत्रा तर जास्तच. हँडलरने पुढे म्हटले की तो जातो. वर केसांनी सगळे झाकलेले. म्हणून डोळ्यांनी नव्हे, हाताने पाहायचे, आणि तेही हातमोजा काढून.

आमच्याकडे जूली नावाची काळी लॅब्रडॉर होती. तिचा हँडलर सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला, अबोल पोरगा. दर थांब्यावर बाकीचे चहाच्या थर्मासकडे वळत, हा आधी उजवा हातमोजा काढून जूलीचे दोन्ही कान, शेपूट आणि चारही पंजे चाचपत असे. एका फेब्रुवारीत गस्तीवरून परतताना एका नाल्यावरचा बर्फाचा पापुद्रा तिच्या भाराने फुटला आणि ती पोटापर्यंत पाण्यात गेली. त्याने तिला तिथेच टॉवेलने कोरडे केले, बोटांमधला बर्फ काढला, कोट बदलला. ती शेपूट हलवत पुढे निघाली. पुढच्या थांब्यावर त्याने नेहमीप्रमाणे हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, शेपटीचं टोक लाकडागत लागतंय." बघून कुणालाही काही कळले नसते. चौकी तिथून पाऊण तासावर होती. शेपूट कोरड्या मफलरमध्ये सैल गुंडाळली आणि २८ किलोची जूली तिघांनी आळीपाळीने खांद्यावर घेतली. कुणी शेपूट चोळली नाही, कुणी वाटेत शेकोटी पेटवली नाही. चौकीत पोचल्यावरच कोमट पाणी केले. बारा-तेरा दिवसांनी टोकाचा दोन बोटांएवढा भाग काळा पडला, तो डॉक्टरसाहेबांनी काढला. बाकीची शेपूट राहिली. दीड महिन्यात जूली कामावर आली.

त्या पाऊण तासात जे केले आणि जे टाळले, त्यातच प्रथमोपचाराचा बहुतेक धडा आहे. आधी ओळखायचे कसे? थंडीत कुत्र्याचा कान गार लागणारच. गार पण मऊ, वाकणारा कान ठीक आहे. ताठ, कडक, पुठ्ठ्यासारखा लागला, दुसऱ्या कानापेक्षा वेगळा लागला, हलके चिमटले तरी कुत्र्याने मागे घेतला नाही, तर हिमदंश समजा. कानाच्या आतल्या उघड्या कातडीचा रंग फिकट, राखाडी किंवा निळसर दिसतो. काळ्या कातडीवर तोही दिसत नाही, तिथे फक्त स्पर्श. ऊब मिळाल्यावर तो भाग लाल होतो, सुजतो आणि फार दुखतो. फोड येतात. काळेपणा काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी दिसतो. म्हणून संध्याकाळी कान बरा दिसला तरी पुढचे दहा-पंधरा दिवस रोज पाहायचे. घाईने कापाकापी करायची नाही. कुठपर्यंत मेले आणि कुठून जिवंत आहे, हे शरीराला स्वतःच ठरवू द्यावे लागते.

उपचारात पहिला क्रम बालेकिल्ल्याचा. कुत्रा जोरात कुडकुडत असेल, अडखळत असेल, गुंगल्यासारखा वाटत असेल तर कानाआधी सगळे शरीर उबदार करा. वाऱ्यापासून आडोसा, कोरडे अंग, ब्लँकेट, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. आणि कुडकुडणे अंगात ऊब न येता थांबले तर निवांत होऊ नका. शरीराची ताकद संपल्याचे ते लक्षण आहे, तिथून पुढचे काम डॉक्टरचे.

गोठलेला भाग ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवायचा. कान बुडवता येत नाही, त्यावर त्याच पाण्यात भिजवलेले फडके धरायचे आणि गार झाले की बदलायचे. पाणी थर्मामीटरने मोजा. नसेल तर कोपर बुडवून पाहा, कारण बाहेरून आलेल्या माणसाची बोटे स्वतःच बधिर असतात आणि त्यांना कढतही कोमट वाटते. मग टिपून कोरडे करा. टिपून, पुसून नव्हे. चोळले की आतले बर्फाचे कण उरलेल्या पेशी कापतात. आपल्याकडे थंड पडलेले अंग चोळायची सवय इतकी जुनी आहे की हात आपोआप पुढे जातो. तो आवरा. बुखारी, शेगडी, हेअर ड्रायर यांच्याजवळ नेऊ नका. बधिर कातडी भाजली तरी कुत्र्याला कळत नाही. (बंद खोलीत बुखारी पेटती ठेवून झोपू नये, हे कुत्र्यासाठी आहे तसेच तुमच्यासाठीही. तो धूर न दिसणारा आणि न परतू देणारा असतो.) आणि पुन्हा थंडीत जावे लागणार असेल तर वाटेत गोठलेला भाग वितळवूच नका. वितळून पुन्हा गोठलेले मांस पहिल्यापेक्षा फार वाईट जाते. रक्त परत येताना इतके दुखते की शांत कुत्राही चावू शकतो, तेव्हा तोंडाला सैल पट्टी बांधून घ्यावी. दुखतेय म्हणून माणसाची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखी बाधतात.

राहिली रम. दर हिवाळ्यात कोणीतरी मायेने सुचवतोच की दोन चमचे पाजा, अंगात गरमी येईल. सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या गळ्यातले ब्रँडीचे पिंप सगळ्यांनी चित्रात पाहिलेले असते. ते पिंप चित्रातलेच आहे. एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० मध्ये काढलेल्या चित्रामुळे ते रूढ झाले. आल्प्समधल्या मठातली कुत्री माणसे शोधत, पण गळ्यात पिंप घेऊन नाही. दारूने कातडीजवळच्या वाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. किल्लेदाराने स्वतःच दरवाजा उघडून देण्यासारखे. शिवाय दारू कुत्र्याला मुळातच विषारी आहे.

काही पालक विचारतील, सैनिकी शाळेच्या अंकात कुत्र्यांच्या कानांना इतकी पाने कशाला? ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवर हिमस्खलन झाले आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक होता. शोधाला यंत्रे होती, आणि डॉट व मिशा ही कुत्रीही होती. सहाव्या दिवशी लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले, पण त्या एका श्वासासाठी संपूर्ण देश तीन दिवस थांबला होता. अशा ठिकाणी कुत्र्याला हिमदंश झाला तर फक्त एक कान जात नाही, शोधणारे नाक खाली न्यावे लागते. तुमच्यातले काही जण उद्या अशा चौकीवर अधिकारी असतील. तुमच्या हाताखालचा हँडलर थांब्यावर पाच मिनिटे जास्त मागेल, तेव्हा तो कशासाठी मागतो हे तुम्हाला माहीत असावे.

आता घरचे, म्हणजे शाळेचे. मेसमागे राहणारी पाच कुत्री तुम्ही जुलैपासून पोळ्या घालून वाढवता. डिसेंबरात सुट्टी लागते, तुम्ही नाशिक, लातूर, कोल्हापूरला जाता आणि मेस बंद होते. म्हणजे सर्वांत कडक दोन महिन्यांत त्यांचे खाणे बंद. थंडीत ऊब टिकवायला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागते. पाणीही लागते, बर्फ चाटून भागत नाही. हिशेब करून पाहा : एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ८० किलोकॅलरी आणि ते पाणी शरीराच्या तापमानाला आणायला आणखी ३८. तीस किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज बाराशे ते चौदाशे किलोकॅलरीच्या आसपास. तहान बर्फावर भागवली तर जवळजवळ दहावा हिस्सा बर्फ वितळवण्यातच गेला. पाणी कोमट आणि प्लॅस्टिकच्या भांड्यात द्यावे, कडाक्यात धातूला जीभ चिकटते. गाड्यांच्या शेडजवळ सांडलेले कूलंट लगेच धुवावे. ते गोड लागते, कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.

आणि निवारा. खोके लहानच हवे, कुत्रा आत वळू शकेल आणि त्याच्या अंगाची ऊब आतच राहील एवढे. जमिनीपासून वीतभर उंच, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. आत जुने ब्लँकेट घालू नका. ते ओले होते आणि पहाटे गोठून फळी बनते. कोरडा पेंढा घाला, भाताचा मिळाला तर उत्तम, आणि तो आठवड्याला बदला.

गोदामातल्या सहा जुन्या लाकडी पेट्या मागून घेतल्या आहेत. येत्या रविवारी नाश्त्यानंतर सुतारकामाच्या शेडमध्ये त्यांना पाय आणि छप्पर बसवायचे आहे. पेंढा शेजारच्या गावातून शनिवारी येईल. सुट्टीत रोज संध्याकाळी खाणे घालायला चौकीदार तयार आहे. त्याला कान आणि पंजे कसे तपासायचे ते मी दाखवले आहे. पीठ आणि तांदूळ मात्र पुरवावे लागतील, त्यासाठी वही हाऊस कॅप्टनकडे ठेवली आहे. रविवारी येताना हातमोजे आणि एक पेन्सिल आणा, हातोड्या शेडमध्ये आहेत.